अक्कांचं विरजण

भर दुपारी अक्कांचा भाडेकरू तांबरमला आमच्या दारात येऊन उभा राहिला, आणि त्यानं तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. अक्का गेल्या होत्या... त्याला महिना होऊन गेला, तरी दही लावायला बसले की डोळे भरून येतात.

लग्नानंतर आम्ही तमिळ मुलखात, नुंगंबाक्कमला राहायचो, त्या घराच्या अक्का मालकीण. तंजावरी मराठी, तरुणपणीच विधवा झालेल्या. यजमानांचे शेअर विकून सोनं करा म्हणून दीर हात धुऊन मागे लागले होते. अक्कांनी त्यांना ताक पाजून वाटेला लावलं आणि सगळा व्यवहार स्वतः शिकून घेतला. मी साताऱ्याहून आलेली. शेअर म्हणजे जुगार, एवढंच मला ठाऊक! अक्कांनी मला स्वयंपाकघरात बसवून शिकवलं. शेअर म्हणजे कंपनीतला आपला इवलासा वाटा. मुद्दल म्हणजे विरजण, लाभांश म्हणजे दही. ‘अस्कं दही खाऊन टाकलंस तं उद्या काय लावशील गे?’ सगळ्याला त्या ‘अस्कं’ म्हणत. भाव पडला की मी घाबरायची, तर म्हणत, ‘लागतं दही कोण ढवळतं? निजू दे त्याला.’

माझा जीव अडकला होता शिक्षिकेच्या ट्रेनिंगमध्ये. ह्यांचा पगार भाड्यात आणि गावी पाठवण्यात संपे. म्हणून माहेरच्या पैशांचे थोडे शेअर घेतले होते. फीला कमी पडेल ते लाभांशातून घालायचं ठरलं. लाभांशाचा पहिला कागद आला, आणि मी तो हळदकुंकू वाहून देवापुढे ठेवला. पहिली कमाई देवाची, ही आमच्याकडची रीत! तो मुदतीत बँकेत भरायचा असतो, हे सांगायला हवं असं अक्कांना वाटलंच नव्हतं. फी भरायची वेळ आली तेव्हा मुदत टळून गेली होती. ‘देवाला कशाला गे बँकेचा कागद?’ म्हणत अक्का खूप हसल्या, मग माझं तोंड बघून त्यांनी फीची तारीख विचारली... नवा कागद मिळणार होता, पण फीची तारीख उलटल्यावर.

त्याच आठवड्यात त्यांनी आपले काही शेअर विकले, भाव पडलेला असताना. मला रडू फुटलं. ‘अक्का, मुद्दल मोडायचं नाही म्हणालात ना?’

‘मोडलं कुठं? शेजारी विरजण दिलं तं सरतं काय?’

मी शिक्षिका झाले. पुढे तांबरमला निघाले तेव्हा अक्कांनी वाटीभर दही हातात दिलं. तेच घरात आजवर लागत आलंय. काल धाकटी पातेलं खरवडायला निघाली, तर मी ओरडले, ‘अगं, अस्कं नको!’ पोर बघतच राहिली. त्या घरात एवढी वर्षं राहिले, पण हा शब्द माझ्या तोंडी कधी आला नव्हता.