दोन पॅनेलांचं रॅप

आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक म्हणजे डोकी फुटायचा हंगाम. कवठे येमाईच्या अलीकडचं, कांदा आणि झेंडू पिकवणारं गाव. वरच्या आळीचं पॅनेल आप्पांचं, खालच्या आळीचं आबांचं. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांच्या वतीनं त्यांची माणसं दगडांनी बोलत. मागल्या निवडणुकीत माझ्या चुलत्याचं मनगट मोडलं. मोडण्याआधी त्याच मनगटानं खालच्या आळीतल्या एकाचं कपाळ फोडलं होतं.

त्या कपाळाचा धाकटा भाऊ आणि मी एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. गावात आम्ही एकमेकांकडं बघायचो नाही, पण कंपनीच्या बसमध्ये जागा मिळेल तिथं बसावं लागतं. तो कानात बीट लावून पुटपुटायचा. मीही कॉलेजपासून वहीत रॅप लिहायचो आणि वही गादीखाली ठेवायचो. एकदा त्याची ओळ अडली, ती मी पुरी केली. त्यानं कानातला इअरफोन काढला.

"तुज्या चुलत्याचा नेम चांगला हाय," म्हणाला, "आन् तुजं यमक बी."

दोस्ती झाली ती अशी.

पुढची निवडणूक लागली तेव्हा आप्पांना कुणीतरी सांगितलं, की तरुण पोरांची मतं पाहिजेत तर रॅप पाहिजे. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"रॅप म्हंजी काय असतंय रं?"

"समोरच्याची उणीदुणी तालात काढायची, आप्पा."

"मंग ते तर आमी बिनतालाचं कायमच करतोय की!" आप्पा खूश झाले. त्याच आठवड्यात आबांनी माझ्या दोस्ताला बोलावलं.

दोन्ही गाणी आम्ही बसमध्ये शेजारी बसून लिहिली. आबांचं काय चुकलं ते तो मला सांगायचा, आप्पांचं मी त्याला. नियम आम्हीच केले: घरातल्या बायकांवर नाही, जातीवर नाही, मेलेल्या माणसांवर नाही. आमच्या पुढाऱ्यांच्या भाषणांना एवढे नियम कधीच नव्हते. घरी आईला ऐकवलं, तर ती म्हणाली, "ह्ये तर नळावरचं भांडाण हाय. फकस्त आमच्या मागं बाजा नसायचा."

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोन्ही पॅनेलांच्या कर्णे लावलेल्या रिक्षा आमची गाणी वाजवत चौकात समोरासमोर आल्या. आमच्या रिक्षेमागं जीप आणि जीपच्या सीटखाली काठ्या. मला माहीत होतं, कारण भरताना मीही हात लावला होता. नाही म्हणायचं धाडस झालं नव्हतं, हे कबूल केलेलं बरं. त्यांच्या जीपमध्येही काय वेगळं नव्हतं.

दोन्ही कर्णे एकदम ओरडू लागले, कुणालाच काही ऐकू येईना. मग कुणीतरी शिवी घातली, जीपची दारं उघडली, चुलता काठी घेऊन खाली उतरला. तेवढ्यात दोस्तानं स्वतःच्या रिक्षेतलं गाणं बंद केलं आणि माईकवरून मला म्हणाला, "आधी तू म्हण. समद्यांना ऐकू दे."

मीही आमचं गाणं बंद केलं आणि माईकवर म्हटलं:

"रस्ता केला, फोटो काढला, फोटो हाय झकास,
रस्ता गेला वड्याबरोबर, करू कुठं तपास?"

आमची माणसं ओरडली. मग खालच्या आळीतलाच एक म्हातारा, जो आबांच्या त्या वाहून गेलेल्या रस्त्यावरनं ओढ्यात सायकलसकट पडला होता, खो खो हसत सुटला. दोस्तानं लगेच उत्तर दिलं:

"नळयोजना गावाची, पाणी एकाच दारी,
आप्पांची गाडी न्हाती रोज, आमी पारोशी सारी!"

आता आमच्या बाजूला हसू आवरेना. वरच्या आळीलाही पाणी येत नव्हतंच. माझा चुलता काठीवर भार देऊन डोळे पुसत हसत होता. "आजून, आजून!" म्हणत लोक रिक्षांना चिकटले. तासभर आम्ही एकमेकांवर तुटून पडलो आणि शेवटी एकाच बाटलीतलं पाणी प्यालो. काठ्या होत्या तिथंच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चमत्कार झाला. आप्पा आणि आबा एकाच हॉटेलात, एकाच टेबलावर चहा पीत बसले होते. आम्हा दोघांना समोर उभं केलं होतं.

"आप्पा, ह्या पोरांनी माजी बी काढली आन् तुमची बी," आबा म्हणाले.

"तेच म्हंतो. काठी खाल्लेला माणूस दोन म्हैन्यात बरा हुतो. ह्ये गाणं बारक्या पोरांना पाठ झालंय!"

आम्ही माफी मागितली. खरं सांगतो, माफी मागताना मला फार बरं वाटत होतं.

मतदान शांततेत झालं. दोघांच्या जागा जवळपास सारख्या आल्या, तेव्हा त्यांनी एकी केली आणि सरपंचपद अर्धंअर्धं वाटून घेतलं. पहिल्याच ग्रामसभेत गावात सलोखा आणल्याबद्दल आम्हाला शाल आणि नारळ मिळाला. त्याच सभेत पुढचा ठराव झाला, की यात्रेत रॅपला परवानगी देऊ नये. दोन्ही ठराव एकमतानं मंजूर झाले. विरोधात बसायला आता कुणी उरलंच नव्हतं.

माझे वडील आप्पांचे जुने कार्यकर्ते. हल्ली ते आबांच्या माणसांबरोबर एकाच जीपमधून लग्नांना जातात. पाहुण्यांना सांगतात, "आमच्या गावात भांडणं? छ्या! आमचं आधीपासनंच जमतंय."