आईसाठी कापलेले केस

माझे केस कमरेखाली यायचे, तेव्हा आमच्या कामठीच्या गल्लीतल्या बायका आईला म्हणायच्या, "पोट्टीचे केस म्हणजे तुह्या हाताचा गुण आहे वं." आईला हे ऐकायला फार आवडायचं. रविवारी दुपारी ती मला दाराच्या पायरीवर बसवायची, आपण मागे वरच्या पायरीवर बसायची आणि मेथीदाणे घालून कढवलेलं खोबरेल माझ्या डोक्यात जिरवायची. खरं तर घरात बसूनही ते करता आलं असतं. पण पायरीवर येणारे-जाणारे थांबत. आई मान वर न करता वेणी घालत राही आणि मला तिचं हसू पाठीमागून जाणवे.

वडील पॉवरलूमवर होते. मी कॉलेजात असताना ते गेले. त्यानंतर घरात आम्ही दोघीच. आई ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची. मी नागपूरला सीताबर्डीत एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनच्या कामाला लागले. वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावपूर्ण श्रद्धांजली, उद्घाटनं. दिवसभर लोकांचे फोटो गोरे करायचे आणि संध्याकाळी शेअर ऑटोने घरी.

एका संध्याकाळी घरी जायच्या आधी मी जेंट्स सलूनमध्ये शिरले आणि मशीन फिरवा म्हणून सांगितलं. कारागिराने पुन्हा पुन्हा विचारलं, "मॅडम, पक्का ना? बाद में रोना मत." मी रडले नाही. वेणी खाली पडली, मानेला वारा लागला. आरशात जी दिसली ती मला ओळखीची वाटली. कधीची दारात उभी होती आणि मीच तिला आत घेतलं नव्हतं, असं काहीतरी.

घरी आले तेव्हा आई शिवणमशीनवर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. पायडलवरचा तिचा पाय थांबला. मी तिच्या ओरडण्याची वाट पाहत उभी राहिले. ती उठली, हातातला ब्लाउज घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "वाढू का जेवाले?"

एवढंच. तिने ना शिव्या दिल्या, ना कारण विचारलं. त्या रविवारी तेलाची बाटली मात्र फळीवरून दिसेनाशी झाली.

केसांमागून कपडे बदलले. आधी वडिलांचे पेटीत ठेवलेले शर्ट काढले, मग स्वतःचे घेतले. मोठ्या फुलांचे, पोपटांचे, केळीच्या पानांचे बाह्या दुमडलेले जेंट्स शर्ट आणि ढगळ पँटी. डोळ्यांतलं काजळ आणि नाकातली चमकी मी ठेवली, कारण ती मला आवडायची. लोकांची अडचण तिथेच व्हायची. बाप्या म्हणावं तर नाकात चमकी, बाई म्हणावं तर डोक्यावर केस नाहीत.

ऑटोत माझ्या शेजारी बसलेली बाई आधी पदर आवरायची, मग माझी चमकी पाहून थोडी सैल व्हायची, मग पुन्हा शर्ट पाहून कडेला सरकायची. बसमध्ये कंडक्टर म्हणायचा, "भाऊ, लेडीज सीट आहे, उठा." मी "दादा, मी बाईच आहे" म्हटलं की अख्खी बस वळून पाहायची. बसस्टँडच्या बायकांच्या बाथरूममध्ये एकदा एक म्हातारी मला पाहून किंचाळली. मी हात वर करून, तोंडाने "आजी, पोरगी आहे मी, पोरगी आहे" म्हणत बाहेर आले. त्यानंतर मी बाहेर पडताना पाणी कमी प्यायला लागले.

जे बोलायचे ते प्रश्नाबरोबर उत्तरही घेऊनच यायचे. "तिरुपतीले गेली होती का?" "कोणी वारलं का घरात?" "उवा झाल्या होत्या का?" आमच्या बौद्ध समाजातल्या एका बाईंनी तर हात जोडून विचारलं होतं, "श्रामणेरी शिबिरात बसली का बाई?" त्या शिबिरात बायका मुंडण करून काही दिवस भिक्खुणीसारख्या राहतात. मी नाही म्हटल्यावर त्यांचे जोडलेले हात सुटले आणि चेहरा उतरला. पोरं पाठीमागून शिट्टी मारायची, समोर आल्यावर गप्प व्हायची आणि पुढे गेल्यावर खो खो हसायची. या सगळ्याची सवय होते असं लोक सांगतात. मला झाली नाही. घरातून निघताना कुलूप लावावं तसा मी रोज चेहरा बंद करून निघायचे.

पण हे सगळं परक्यांचं होतं, म्हणून चालत होतं. रामटेकच्या लग्नात ते घरात आलं.

आईच्या मैत्रिणीच्या मुलाचं लग्न होतं. आईने मला साडी नेस म्हटलं नाही. मीच माझ्या शर्टांतला सगळ्यात साधा, आकाशी रंगाचा निवडला. जेवणाच्या पंगतीत मी आईसाठी पाणी आणायला गेले. ग्लास घेऊन परत येत होते, तेव्हा तिच्या बाजूला बसलेली एक अनोळखी बाई माझ्याकडे बोट दाखवून विचारत होती, "तो तुमचा पोरगा का?"

आईने मला पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "हाव."

"कामाले आहे का?"

"हाव, नागपूरले आहे."

"लग्नाचं पाहून राहिले का मग?"

"पाहू ना," आई म्हणाली आणि पानातला भात उगाचच सारखा करत राहिली.

मी ग्लास तिच्यासमोर ठेवला. तिने वर पाहिलं, आणि मी ऐकलं हे तिला कळलं. त्या बाईने माझी चमकी पाहिली आणि तिच्या तोंडातला घास तिथेच थांबला. परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. आई खिडकीबाहेर धानाच्या बांध्या पाहत होती. मी तिच्यावर चिडायला हवं होतं, पण मला नुसतं दमल्यासारखं वाटत होतं. तिला खोटं बोलणं इतकं सोपं गेलं, याचं वाईट वाटत होतं.

त्यानंतर आम्ही बरोबर कुठे जाणं बंद झालं. ठरवून नाही. बाजाराला ती सकाळी जायची, मी कामावर असताना. लग्नाबारशाला ती एकटी जायची आणि मला डब्यात लाडू आणायची.

मग तिच्या छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, किमो सुरू झाली आणि आईचे केस उशीवर यायला लागले. तिचे केस पातळ होते, पण तिने कधी एक बट इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. काही दिवस ती रोज सकाळी उशी झटकत राहिली. मग एकदा न्हाणीतून बाहेर आली, मुठीत केसांचा पुंजका होता. म्हणाली, "तुह्यावाली केसाची मशीन आण वं."

मी तिला त्याच पायरीवर बसवायला निघाले, तर ती म्हणाली, "बाहीर नोको." मी आत चटई टाकली. तिच्या खांद्यावर जुना टॉवेल घेतला आणि हळूहळू मशीन फिरवली. तिच्या कानामागे एक तीळ होता. इतक्या वर्षांत मला तो माहीत नव्हता. ती डोळे मिटून बसली होती. झाल्यावर डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "गार लागते."

"लागते थोडे दिवस," मी म्हटलं.

पुढच्या किमोला आम्ही ऑटोने निघालो. तिने डोक्याला रुमाल बांधला होता, पण कामठी रोडच्या वाऱ्याने तो उडाला. समोर बसलेल्या दोघी पाहायला लागल्या. एकीने दुसरीला कोपराने खुणावलं. आई रुमाल पुन्हा बांधायला लागली, पण गाठ बसत नव्हती. मी बांधून दिली.

दवाखान्याच्या फाटकाशी उतरल्यावर ती मला म्हणाली, "कसे पाहून राहिले होते वं लोकं."

मी ऑटोवाल्याला पैसे दिले.

ती थोडं चालली आणि थांबली. "तू रोज अशीच जाते-येते का?"

"हो."

"रोज?"

"आई, चल, नंबर लागला असंन."

ती चालली, पण माझा हात तिने धरला. दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. आधाराला धरला असेल, कारण तिला चालवत नव्हतं. तरी मला तो वेगळा वाटला.

किमोच्या खोलीत सगळ्या बायाच असायच्या. सलाइन लागलेल्या, बाजूला कोणीतरी स्टुलावर. आईच्या शेजारच्या खुर्चीवर कळमेश्वरकडची एक काकू असायची. तिच्यासोबत तिची सून. त्या काकूंनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी चेहरा बंद केला. पुढे काय येणार ते मला पाठ होतं.

काकू आईला म्हणाल्या, "पोरीनं तुमच्यासाठी केस कापले ना?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

"हाव," आई म्हणाली.

"बापा! किती गुणाची पोरगी." काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सुनेला सांगितलं, सुनेने पलीकडच्या बाईला. नर्सने सलाइन बदलताना माझ्या पाठीवर हात ठेवला. "अशी लेक पाहिजे," कोणीतरी म्हणालं. कोणी मला चहा दिला, कोणी बसायला स्टूल सरकवून दिलं. तेच डोकं, तोच पोपटांचा शर्ट. इतक्या वर्षांत अनोळखी माणसं माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसत होती, आणि तेही माझं नव्हतं.

आई मात्र ताठ बसली होती. सलाइन लागलेला हात मांडीवर, मान थोडी वर, आणि ओठांवर ते हसू. ते मी आजवर कधी समोरून पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. मी तोंड उघडलं असतं तर ते गेलं असतं. मी चहा प्यायले.

ही गोष्ट आमच्याआधी कामठीला पोचली. काकूंची कोणी नात्यातली आमच्या भागात राहायची. ज्या बायका मला पाहून दार लोटून घ्यायच्या त्या भाजी आणून द्यायला लागल्या. माझे केस आईच्या आजाराच्या कितीतरी आधीचे आहेत, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पण त्यांना ही नवी गोष्ट जास्त आवडली, आणि बघता बघता सगळ्यांना तीच आठवायला लागली.

उपचार लागू पडले नाहीत. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. आई खाटेवर असायची आणि मी कामाचा कॉम्प्युटर घरी आणून तिच्याजवळ बसून डिझाइन करायचे. एका दुपारी मला वाटलं ती झोपली आहे. तेवढ्यात ती म्हणाली, "एक विचारू का?"

"विचार ना."

"केस काहून कापले होते तू?"

मी कीबोर्डवरचे हात काढले. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न असा नुसता कोणी विचारला नव्हता.

"आवडते म्हणून," मी म्हटलं. "हलकं वाटते. आरशात पाहिलं की मीच दिसते मले."

"येवढंच?"

"येवढंच."

तिने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले वाटे तुहा माह्यावर राग होता. तुह्या केसाईचं मले लय कौतुक होतं ना, म्हणून तू कापून टाकले. मले दाखवाले."

"नाही वं आई."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू विचारलं नाही."

ती हसली, पण खोकला आला आणि हसू त्यात गेलं. मी तिला उठवून पाणी पाजलं. ग्लास खाली ठेवला तेव्हा तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उलट्या दिशेने फिरवला, मखमलीवर फिरवतात तसा. "मऊ लागते," म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने त्या डोक्याला हात लावला नव्हता.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा ती नव्हती.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घर भरलं होतं. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, वंदना. आईच्या फोटोचा फ्लेक्स मीच केला. तिचा रंग मी बदलला नाही. जेवणं झाल्यावर आईची मोठी बहीण माझ्याजवळ येऊन बसली. "झालं ना आता, बाई," ती मायेने म्हणाली. "तिच्यासाठी केलं, देव माणूस आहेस तू. आता वाढव केस. आता कोणासाठी बारीक ठेवते?"

आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. मी खरं सांगितलं असतं तर आई खोटी ठरली असती, तिच्या फोटोसमोर. मी म्हटलं, "पाहू ना."

काही आठवड्यांनी मी मशीन काढली आणि नेहमीसारखे केस बारीक केले. गल्लीतल्या शेजारणीने पाहिलं आणि आपल्या नव्या सुनेला म्हणाली, "पाय लाग हिच्या. मायच्या दुःखात अजून केस ठेवले नाही हिनं." ती पोरगी खरंच वाकली. मी पटकन पाय मागे घेतले, तिला उठवलं आणि काहीतरी काम असल्यासारखी आत आले.

आत कोणी नव्हतं. शिवणमशीनवर कापड झाकलेलं होतं. बाहेर ती शेजारीण सुनेला माझी गोष्ट अजून सांगत होती, आणि दाराआड उभं राहून मी ती ऐकत होते. हे केस मला नुसते आवडतात म्हणून आहेत, हे या घरात एका माणसाला माहीत होतं. तेही शेवटी शेवटी माहीत झालं होतं. तेव्हा मी रडले. आई गेली त्या दिवशीही इतकी रडले नव्हते.