आईच्या मशीनची पुली

माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. काम घरूनच, भिलाईतल्या कॅम्प-१ मधल्या आमच्या मागच्या खोलीत. उरलेल्या वेळात मी काही ना काही बनवत बसते आणि ते ब्लॉगवर लिहिते. मागच्या उन्हाळ्यात थ्री-डी प्रिंटर घेतला, तेव्हा आईनं विचारलं, "हे छापते काय?"

"वस्तू," मी म्हटलं. तिचा काही विश्वास बसला नाही.

आठवडाभरातच तिच्या शिलाई मशीनच्या मोटरची पुली फुटली. पट्टा ज्याच्यावरून फिरतो ते छोटं चाक. दुर्गच्या दुकानदारानं सांगितलं, हा पार्ट आता येत नाही. बुद्धविहारात येणाऱ्या बायकांची पांढरी ब्लाउजं आईकडे शिवायला पडली होती. ती वैतागली आणि मला मात्र मनातून आनंद झाला.

मी पुलीची मापं घेतली, कॉम्प्युटरवर चित्र काढलं आणि प्लास्टिकची पुली छापली. बसली! आईनं एक अख्खी बाही शिवली. मी लगेच फोटो काढून ब्लॉगवर टाकला. तिसऱ्या ब्लाउजाला मात्र जळका, गोडसर वास आला. मोटर बंद करून पाहिलं, तर पुली मेणासारखी वाकली होती.

बाबा दारात पेपर वाचत बसले होते. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये टर्नर होते ते. लोखंड खरादवर, म्हणजे लेथवर, फिरवून त्याला आकार द्यायचा, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. रिटायर झाल्यापासून कोणत्या मशीनला हात लावला नव्हता.

"आन इकडं," ते म्हणाले. पुली हातात फिरवून पाहिली. "पट्टा घसरून राहिला, म्हणून गरम झाली. खाच सपाट काढली तू. पट्ट्याच्या बाजू तिरप्या आहे, त खाच बी तिरपी पाहिजे. मले कावून नाही विचारलं?"

"मग तुमीच बनवा ना, बाबा."

"माह्याकडं खराद कुठी आहे?"

खराद हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत होती. तिथल्या एका छोट्या कारखान्यातून मी कधीमधी पत्रा कापून आणायची. मालकाला फोन केला, तर तो म्हणाला, "ले आओ चाचा को." बाबा दोन दिवस नाही-नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर प्लांटचे जुने बूट घालून स्कूटीपाशी उभे.

खरादच्या दांड्यांवरून त्यांनी आधी हात फिरवला. मग ॲल्युमिनियमचा तुकडा बांधला आणि मशीन चालू केलं. पहिल्या तुकड्याचं भोक मोठं झालं. उगीच आणलं यांना, असं मला वाटून गेलं. मालकानं दुसरा तुकडा पुढे केला. "लो चाचा, माल बहुत है."

या वेळी ते प्रत्येक कापाला थांबून मोजत होते. चकचकीत कीस वेटोळी होऊन खाली पडत होता. शेवटी त्यांनी पुली माझ्या तळहातावर ठेवली, अजून गरम होती.

"हात इसरला नाही वं," ते म्हणाले आणि इतकं मोकळं हसले, की बाजूच्या मशीनवरचे लोकही पाहू लागले.

घरी पुली बसवली. आईनं संध्याकाळपर्यंत चार ब्लाउजं शिवली. "हे खरं," एवढंच म्हणाली. मालकानं बाबांना आठवड्यातून दोन दिवस यायला सांगितलं होतं. बाबा "पाहू" म्हणाले होते, पण सोमवारी आईला डबा मागत होते.

मी ब्लॉगवर सगळं खरं लिहिलं, माझी वितळलेली पुलीसुद्धा. ब्लॉग इंग्रजीत, म्हणून बाबांना मराठीत वाचून दाखवावा लागतो. एका वाचकानं विचारलं होतं, एवढ्या अनुभवी माणसाचा पहिला तुकडा कसा काय बिघडला?

बाबांनी चष्मा काढून पुसला.

"लिही," म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदलला होता. आता नवा करून राहिलो."