बिनतिकिटाचा उंबरमळा

कोल्हापूरहून मिरजेकडे जाताना उसाच्या फडांमधून एक बुटका फलाट दिसतो. पिवळ्या पाटीवर ‘उंबरमळा’ असं नाव, एक चिंच, एक तिकिटाची खोली, बस्स. गाडी आता तिथं थांबत नाही. तरी रोज सकाळी मौलाली जमादार तो फलाट झाडतो आणि चिंचेखालचा रांजण भरून ठेवतो. बायको मेहरुन्निसा वैतागते. “गाडीच थांबत न्हाई, तर पानी कुनाला पाजनार? कावळ्यास्नी?” मौलाली घागर उचलून चालू लागतो. उत्तर त्याच्याकडे आहे, पण ते घरात बोलायची त्याला हिंमत होत नाही.

उंबरमळ्याच्या स्टेशनाचा विषय निघाला की गावातली म्हातारी माणसं अजून छाती काढतात. संस्थानच्या काळात इथून गुळाच्या ढेपा चढायच्या, बैलगाड्यांची रांग ओढ्यापर्यंत लागायची, मास्तर होता, घंटा होती. मग ट्रक आले आणि गूळ रस्त्यानं गेला. मास्तरही गेला. घंटा कुणीतरी मारुतीच्या देवळात नेऊन बांधली. मागं उरला तो नुसता हॉल्ट. हॉल्टवर रेल्वेचा नोकर नसतो. गावातलाच एक माणूस मोठ्या स्टेशनातून तिकिटं आणतो, खिडकीत बसून विकतो आणि विक्रीवर कमिशन घेतो. तो माणूस म्हणजे मौलाली. त्याच्या आधी त्याचा बाप तिथं बसायचा. बाप कडक. सख्ख्या मेव्हण्यालाही त्यानं कधी फुकट चढू दिलं नाही, आणि म्हणून गावात कुणी त्याला धड रामराम घातला नाही.

मौलालीला मात्र रामराम हवा होता. सुरुवात धोंडुबाईपासून झाली. ती भाजीची टोपली घेऊन कोल्हापूरला शाहूपुरीत विकायला जायची. एकदा गाडी उभी, टोपली डोक्यावर आणि पदराची गाठ काही सुटेना. मौलाली खिडकीतून ओरडला, “ऱ्हाऊ दे मावशी, चढ बिगी बिगी! कोन बघतंय?” तिनं दारातून हात वर करून आशीर्वाद दिला, “जित्ता ऱ्हा रं लेकरा!” आख्ख्या डब्यानं तो ऐकला. मौलालीला त्या दिवशी दुपारचं जेवणही गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाईची जाऊबाई आली. मग दुधवाले, मग कॉलेजची पोरं, मग दुकानात कामाला जाणारे गडी. त्या पॅसेंजरला टीसी म्हणजे ईदचा चंद्र. कमिशन थोडं बुडायचं, पण घरात कुणाची मेथी यायची, कुणाचं ताक यायचं, मोहरमला जमादारांच्या पंजाला गावातला सगळ्यांत मोठा हार पडायचा. “सरकारची गाडी हाय, कुनाच्या बापाचं काय जातंय?” असं मौलालीच वर म्हणायचा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला लागतंय काय? न देता दानशूर झालेला असा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

मग करोना आला आणि गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा सगळं गाव टोपल्या, किटल्या घेऊन फलाटावर उभं होतं. पॅसेंजर आली, शिट्टी घातली आणि तशीच पुढं निघून गेली.

गाव चवताळलं. सरपंच उदयसिंह चार माणसं घेऊन रेल्वेच्या मोठ्या साहेबांकडे गेला. ‘आमचा स्टेशनमास्तर’ म्हणून मौलालीलाही बरोबर घेतलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, “तुमच्या हॉल्टवर तिकिटंच खपत नाहीत. माणसं चढतच नसतील तर गाडी कुणासाठी थांबवायची?”

“चढत न्हाईत?” उदयसिंह उसळला. “डबा भरून जात्यात की! ए मौलाली, सांग की सायबास्नी!”

सगळ्या माना मौलालीकडे वळल्या. खरं सांगितलं असतं तर त्याची खिडकी गेली असती, चौकशी लागली असती, गावात नाव गेलं असतं. पण उंबरमळ्यात माणसं चढतात, एवढं तरी साहेबांना कळलं असतं आणि थांबा कदाचित वाचला असता. मौलाली आपल्या चपलांकडे बघत राहिला. साहेबांनी तेच उत्तर मानलं आणि दुसऱ्या कामाला हात घातला.

बाहेर आल्यावर उदयसिंहनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “आमचं ऱ्हाऊ दे. तुझं पोट गेलं की रं गड्या.” त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मौलालीला अजून वाटतं.

आता गाव हमरस्त्यापर्यंत चालत जातं आणि वडाप पकडतं. वडापवाला जीपमध्ये माणसं कोंबतो, पण टोपली घेत नाही. धोंडुबाईची शाहूपुरी सुटली. ह्या वयात ती दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला जाते. ती बांधावरून येताना दिसली की मौलाली चिंचेआड होतो. लाज वाटते, दुसरं काय?

परवा आड व्हायला सवड मिळाली नाही. ऊन चढलं होतं आणि ती सरळ रांजणापाशीच आली. मौलालीनं तांब्या भरून दिला. तेवढ्यात पॅसेंजर आली आणि न थांबता धडधडत गेली. सकाळी झाडलेल्या फलाटावर पुन्हा पाचोळा पसरला. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत धोंडुबाई बघत राहिली.

“माझी जागा रिकामीच गेली बग,” ती म्हणाली.

मौलालीला राहवलं नाही. “मावशी, गाडी मी घालवली.”

“काय?”

“मीच घालवली. सायबांनी इचारलं तवा माझं त्वांड उघडलं न्हाई. पर त्याच्या आदीच घालवली हुती, ह्या खिडकीत बसून.” त्याचे डोळे भरून आले.

धोंडुबाईनं तांब्या खाली आदळला. ती खरोखरच संतापली होती. “गप बस! म्हनं मी घालवली. त्या रेल्वेवाल्यांचं पाप तू कशाला डोक्यावर घेतुयास? अरं, तुझ्यावानी द्येवमानूस न्हाई गावात.” मग पदरानं त्याचे डोळे पुसत ती म्हणाली, “एवढी वर्सं त्या गाडीनं येत-जात हुते मी. एकदा तरी तिकीट मागितलंस का रं मला?”