ओट्यावरचे ठिपके

मी काही लिहिणं हा आगाऊपणाच, माफ करा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आर्किटेक्चरला संशोधन पद्धतीच्या तासाला सरांनी सांगितलं होतं, माणसं कुठे बसतात ते लांबून पाहा आणि नकाशावर तिथे ठिपका द्या. मी मंडईमागच्या ओट्यासमोर बसलो. ओट्यावर भाजी विकणाऱ्या एकीने हटकलंच, "काय साहेब, ओटा पाडायला नकाशा काढताय का?"

"नाही मावशी, अभ्यास आहे."

"आधी सगळे असंच म्हणतात," म्हणत ती शेजारणीकडे बघून हसली.

मला मात्र धडकी भरली. नुसतं बघितल्यानेही एखाद्याची जागा हलत असेल का? त्यानंतर प्रत्येक ठिपका मी पेन्सिलीने, पुसता येईल असाच देऊ लागलो.

काल मंडईजवळ राहणाऱ्या कॉलेजच्या एका मित्राने कळवलं, ओटा आहे तसाच आहे, पण भाजीवाल्या बायका आता तिथे बसत नाहीत; माझ्या ठिपक्यांमुळे की आणखी कशाने, ते त्यालाही ठाऊक नाही.