सरका, फुटा, वाट धरा

माणसाला 'इथून जा' म्हणण्याचे जेवढे म्हणून प्रकार मराठीत, हिंदीत, उर्दूत आणि मेंढ्यांच्या भाषेत असतील, ते सगळे माझ्या मावससासूबाईंना तोंडपाठ आहेत, आणि त्यांतला एकही त्यांनी आजवर वाया जाऊ दिलेला नाही. वडीगोद्रीला त्यांचं घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर आहे. पण मावशींची हाक हायवे ओलांडून पलीकडच्या पंक्चरवाल्यालाही दचकवते, त्यामुळे हे अंतर नेमकं किती ते मला अजून सांगता येत नाही. लहानपण वडलांची मेंढरं राखण्यात गेलं, आवाज तिथं तयार झाला. पुढे मेंढरं गेली, मोसंबीची थोडी झाडं आणि दोन शेळ्या आल्या. आवाज मात्र दोनशे मेंढरांना पुरेल एवढाच राहिला.

लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडायला गेले, तेव्हा मावशी ओसरीवर गोधडी शिवत बसल्या होत्या. मी पदर सावरून वाकले, तर त्या वर न बघता म्हणाल्या, "हो तिकडं." मी तिकडं झाले, ती थेट अंगणात. जालन्याला परत येताना नवऱ्याला रडवेल्या आवाजात म्हटलं, "त्यांना मी अजिबात आवडले नाही." तो हसायलाच लागला. "अगं, तुझी सावली सुईवर पडली असेल. 'हो तिकडं' म्हणाली ना? हे तिचं सगळ्यात मऊ. माझ्या बाबांना ती सरळ 'रस्ता नापा' म्हणायची, आणि बाबा आजारी होते तेव्हा महिनाभर दवाखान्यात बसून होती."

पुढे मलाही त्यातली प्रतवारी कळायला लागली. 'सरक' हे घरच्यांसाठी. शेजारच्या बायका चहा पिऊन झाल्यावरही हलल्या नाहीत तर 'वाट धरा'. ओट्यावर पत्ते कुटणाऱ्यांना 'फुटा'. 'तोंड काळं कर' हे ठेवणीतलं, फक्त पिऊन आलेल्या चुलत दिरासाठी, तेही त्याला पोटभर जेवायला वाढून झाल्यावर. दारोदार मिक्सर विकायला आलेल्या एका टायवाल्याला त्यांनी फार मायेनं सांगितलं, "बाबा, पुढल्या गल्लीत लई शिकलेले लोक राहतात. त्यांला गंडव जा." तो बिचारा आभार मानून गेला.

शेजारी टेलरचाचा राहतात, दोन्ही घरांत भिंत एकच. एकदा गप्पा मारत चाचा शेळीच्या दावणीपुढे उभे होते, तेव्हा मावशी त्यांना "खिसका ना चाचा" म्हणाल्या. चाचा फार सभ्य माणूस. ते म्हणाले, "भाभी, हमारे में ऐसा नहीं बोलते. 'तशरीफ ले जाइए' बोलते." मावशींना तो शब्द इतका भारी वाटला, की तो माणसांवर वापरायचं त्यांच्या जिवावर आलं. तेव्हापासून स्वयंपाकघरात कुत्रं शिरलं की त्या हातात लाटणं घेऊन "तशरीफ न्या!" असं ओरडतात, आणि कुत्रं लगेच नेतं.

असंच एकदा माझा नवरा फोनवर मित्राला "चल, मी कल्टी मारतो" म्हणाला. मावशींनी विचारलं, हे काय रे? त्यानं कंटाळून सांगितलं, "शहरात निघताना असं म्हणतात." मावशींनी ते मनात नीट ठेवून दिलं. पुढच्याच आठवड्यात ग्रामसेवक कसल्याशा पाहणीला आले, चहा झाला, पान झालं, तरी साहेब उठेनात. शेळ्यांच्या धारा खोळंबल्या होत्या. मावशींनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "साहेब, आता जरा कल्टी मारता का?" साहेबांना असा ठसका लागला की पान बाहेर आलं. ते गेल्यावर मावशी मला म्हणाल्या, "बघ, शहरी शब्द कसा बराबर लागू पडतो."

मला या सगळ्याची मजा वाटायची, पण थोडी लाजही वाटायची, हे कबूल करते. माझ्या माहेरची माणसं तोलूनमापून बोलणारी. म्हणून माझ्या मुलीचं बारसं मावशींनी स्वतःच्या अंगणात करायचं ठरवलं, तेव्हा मी धास्तावले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यांच्या जागी मावशीच, तेव्हा नाही म्हणता येईना. मी फक्त नवऱ्याला एवढंच म्हटलं, "माझ्या मामांना त्या 'फुटा' म्हणाल्या नाहीत म्हणजे मिळवली."

दुपारी अंगणात मांडव भरला होता. नाव ठेवून झालं, बाळ पाळण्यात झोपलं, आणि मी जड शालू बदलायला घरात गेले. मांडवाच्या एका कडेला आचारी पुऱ्या तळत होता. एकाएकी कोणीतरी "आग, आग" असं ओरडलं. दारात येऊन बघते तर सिलिंडरच्या नळीनं पेट घेतलेला, जाळ कमरेएवढा, आणि मांडवाचा पडदा तिथून दोन हातांवर. आचारी पळाला होता. बाकीचे पळाले असते तर बरं झालं असतं. पण लोक बघायला पुढे पुढे येत होते, निम्म्यांचे मोबाइल वर. माझ्या आणि पाळण्याच्या मध्ये माणसांची भिंत उभी होती. मी ओरडत होते, कोणाला ऐकू जात नव्हतं. नवरा हात जोडून "कृपया मागे व्हा, धोका आहे" म्हणत होता, आणि तो काय म्हणतो ते ऐकायला लोक आणखी जवळ सरकत होते. पलीकडे टेलरचाचा भिजवलेलं गोणपाट घेऊन आले होते, तेही गर्दीत अडकलेले.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला.

"ए गणपत, फूट! सुमे, सरक, तुझं लेकरू घे आन् बांधाकडं पळ! ओ मास्तर, शूटिंग कशाची करून राह्यले? कल्टी मारा! पाव्हणे, वाट धरा, जल्दी! तू रे लाल शर्टवाल्या, तोंड काळं कर!"

नाव घेऊन बोलावलेला माणूस आधी दचकला, मग हलला. तरी चारपाच तरुण जागचे हलेनात. मावशींनी कोपऱ्यातली काठी घेतली, त्यांच्या नडग्यांपाशी फिरवली आणि गळ्यातून असा काही "हुर्रर्र, हैक!" काढला, की ती पोरं खाली मान घालून एका रांगेत फाटकाबाहेर गेली. माझे मामा सगळ्यांच्या पुढे होते.

वाट मोकळी झाली. मी पाळण्यातून बाळ उचललं आणि मोसंबीच्या झाडांपर्यंत धावत सुटले. मागे वळून बघितलं तेव्हा चाचांनी गोणपाट जाळावर दाबून रेग्युलेटर बंद केला होता. जाळ विझला. पडद्याला एक भोक पडलं, बाकी कोणाला साधा चटकाही बसला नाही. कोणीतरी हसलं, आणि बघता बघता अख्खं शेत हसायला लागलं. मी हसत होते आणि रडत होते. बाळ झोपलेलंच होतं.

परत आलेल्या आचाऱ्यानं अंगणात चूल मांडली आणि राहिलेल्या पुऱ्या लाकडांवर तळल्या. पानावर बसताना मास्तर ओशाळून म्हणाले, "मावशी, आम्हाला लई बोललात." मावशी म्हणाल्या, "मंग? दोन पुऱ्या जास्त घ्या." सगळे जेवायला बसल्यावर मात्र त्या बाजेवर टेकल्या, काठी अजून मुठीतच होती. मी शेजारी बसून ती सोडवून घेतली. त्या हळूच म्हणाल्या, "मेंढरं कधी जाळाकडं जात न्हाईत गं. माणसंच जाऊन राह्यली."

दिवस कलताना आम्ही हायवेवर आलो. मावशी बाळाला कडेवर घेऊन पोचवायला आल्या होत्या. जालन्याची एसटी आली, नवऱ्यानं हात केला, गाडी थांबली, दार उघडलं. मी बाळ घ्यायला हात पुढे केले. मावशी बाळाचं टोपडं बांधत होत्या, ते काही केल्या बांधून होईना.

"जाऊ द्या ही," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "गच्च भरली हाय."

गाडी निम्मी रिकामी होती. नवऱ्यानं कंडक्टरला जा म्हणून खूण केली, आणि आम्ही सगळे परत थांब्याच्या कट्ट्यावर बसलो.