काकांच्या नावाखाली माझा फोटो

दिगंबरकाका गेल्याचं सुमनकाकूंनीच मला फोनवर सांगितलं, त्याला आता महिना होईल. चौथ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन आला. "पेपरात ह्यांच्या नावानं फोटो छापलाय. ह्यांचा नाही तो." मी पेपर उघडला... आणि अंगाचा तिळपापड झाला. फोटो मी काढलेला होता.

ज्या दैनिकात फोटोग्राफर म्हणून काकांची हयात गेली, तिथंच मी त्यांच्या हाताखाली शिकले. काका मूळचे देवगाव रंगारीचे. शहरात उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत राहिले, पण बोली गावाकडचीच. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कॅमेऱ्याची चकती 'ए'वर आणून ठेवली. "भिंगाचं छिद्र तू ठरवायचं, वेग कॅमेरा ठरवंल. आकडा मोठा तर भोक लहान, मग मागचंबी लख्ख येतं. आकडा लहान केला की नुसता चेहरा राहतो, मागचं समदं विरघळतं. फक्त वेगाकडं ध्यान ठेव, लई खाली गेला तर फोटो हलंल." मग थांबून म्हणाले, "काय दाखवायचं अन् काय झाकायचं, ते छिद्रावर हाय. ते दुसऱ्याला ठरवू द्यायचं नाय."

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. बायपासपलीकडं नवी वसाहत उठली होती आणि तिच्या कुंपणाबाहेर बायका टँकरसाठी तासन्‌तास उभ्या असायच्या. काकांनी आकडा अकरावर ठेवून फोटो घेतला. पुढं रिकामा हंडा घेतलेली बाई, मागं कुंपणाच्या आत हिरवळीवर उडणारे फवारे. दोन्ही सारखंच स्पष्ट. वसाहतीची पानभर जाहिरात आमच्याकडं यायची. संपादक म्हणाले, मागचं धूसर हवं. काका म्हणाले, "मग फोटोत राहिलं काय?"

तो फोटो छापलाच नाही. दुसऱ्या दिवशी संपादकांनी मला धाडलं. मी आकडा दोनाच्याही खाली आणला. बाई तीच, हंडा तोच, मागं नुसता हिरवा धूर. पहिल्या पानावर माझं नाव झळकलं. दोन महिन्यांत काकांना घरी बसवलं... मी गप्प राहिले.

आता तोच फोटो, काकांच्या नावानं, वर 'चेहरे वाचणारा कलावंत' असा मथळा! मी संपादकांना फोन केला. "आता काय फरक पडतो? फोटो चांगलाच आहे की," ते म्हणाले. गेलेला माणूस तक्रार करायला येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. माझा संताप त्यांच्यावर आहे, आणि त्याहून जास्त माझ्यावर.

संध्याकाळी उस्मानपुऱ्यात जाऊन मी काकूंना सगळं सांगितलं, दुसऱ्या पेपरात याबद्दल लेख लिहिणार असल्याचंही.

"माहितीय मला. तेव्हाच पेपर बघून हे म्हणाले होते, पोरीला सगळं येतं, म्हणून तर वाईट वाटतं."

मला वर बघवेना. काकूंनी आतल्या खोलीतल्या कपाटावरून एक चौकट काढून आणली. पेपरनं न छापलेला काकांचा तोच फोटो, त्यांनी स्वतः छापून घेतलेला. रोज सकाळी चहा घेताना ते तो मांडीवर ठेवून बघायचे, काच पुसायचे, परत ठेवायचे.

"लेखासोबत हा छापतील का?" काकूंनी विचारलं.

"नाही छापला, तर लेखही देणार नाही."

हा लेख तुम्ही वाचताय, म्हणजे सोबतचा फोटो दिगंबरकाकांचाच आहे. बाईच्या मागं काय आहे, तेही बघा.